कडा बघणारे फणसे सर

फणसे सरांना कोणीही कुठलाही फोटो दाखवला, तरी ते आधी त्याचे कोपरे बघत. वरचे दोन, मग खालचे दोन, आणि मधला भाग सगळ्यात शेवटी. एकदा शेजारच्या झेरॉक्सवाल्याने मुलीच्या लग्नाचा अल्बम मोठ्या हौसेने त्यांच्या दुकानात आणला. सरांनी चष्मा कपाळावर सरकवून अर्धा अल्बम उलटला आणि एका पानावर बोट ठेवून म्हणाले, "हे बघा, या कोपऱ्यात तुमच्या व्याह्यांचा गाल पसरलाय. फोटोग्राफरने फार वाइड लेन्स लावली आणि माणसं कडेला उभी केली." झेरॉक्सवाला नवरी कशी दिसते ते ऐकायला थांबला होता. ते काही सरांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

अविनाश फणसे यांचं डोंबिवली पूर्वेला चष्म्याचं दुकान आहे. बाहेरून ते इतर दहा दुकानांसारखंच दिसतं. आत काउंटरच्या मागे मात्र भिंतभर फोटो होते: समुद्राच्या तळाचे, खडकांचे, माशांच्या थव्यांचे. चष्मा बनवायला येणाऱ्या माणसाला वाटायचं, ही कॅलेंडरातली चित्रं असतील. सर कोणाला सांगायला जात नसत की हे सगळे त्यांनी स्वतः पाण्याखाली उतरून काढलेले आहेत. कोणी विचारलंच तर म्हणत, "हो, छंद आहे थोडा." त्या 'थोडा'मध्ये किती दुखणं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

मी त्यांच्याकडे गेले ती मास्कसाठी. मी ठाण्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. प्रवाळ हा माझा अभ्यासाचा विषय, आणि पुस्तकातलं प्रवाळ शिकवून कंटाळा आला म्हणून मी पाण्याखाली उतरायचं प्रशिक्षण घेतलं होतं. पोहणं लहानपणापासून येत होतं. कल्याणजवळ मोहन्याला रेयॉनच्या कारखान्यात बाबा नोकरीला होते आणि उल्हास नदी घरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. पण माझ्या चष्म्याचा नंबर जाड. खाली गेल्यावर मला प्रवाळ आणि दगड सारखेच दिसत. कोणीतरी म्हणालं, डोंबिवलीत एक चष्मेवाले आहेत, ते पोहण्याच्या मास्कमध्ये नंबरची काच बसवून देतात.

सरांनी मास्क उलटसुलट करून बघितला. "खाली काय बघायचंय?"

"प्रवाळ."

"मग नुसतं बघून काय करणार? परत आल्यावर कोणाला सांगणार, मी बघितलं म्हणून? कोण विश्वास ठेवेल?" ते म्हणाले. "फोटो काढायला शीक."

मी म्हटलं, सर, माझ्याकडे कॅमेरा नाही. ते म्हणाले, "माझ्याकडे आहे ना."

एवढ्या एका वाक्यावर पुढची कित्येक वर्षं गेली. माझ्यासारखीला पाण्याखालचा कॅमेरा परवडणं शक्यच नव्हतं. कारखाना बंद पडल्यावर बाबांनी कुठे कुठे रखवालदारी केली, मी शिकवण्या घेत शिकले, आणि नोकरी लागली तेव्हा घरातले राहिलेले खर्च आधी रांगेत उभे होते. सरांनी आपला कॅमेरा, त्याची पाणी आत न शिरणारी घट्ट पेटी, दिवे, सगळं माझ्या हातात दिलं. कधी उपकाराची भाषा केली नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, हसून म्हणायच्या, "तू आल्यापासून माझी सुटका झाली. आता लेन्सबद्दल मला ऐकावं लागत नाही."

ऐकण्यासारखं पुष्कळ होतं. पाण्यात लांबून काढलेला फोटो धुरकट येतो, मध्ये जेवढं पाणी कमी तेवढं चांगलं, म्हणून जवळ जायचं. आणि जवळ जाऊनही सगळं दृश्य मावायला हवं, म्हणून वाइड लेन्स. तिच्यासमोर पेटीला काचेचा घुमट बसवलेला असतो, त्याला डोम म्हणतात. इथपर्यंत मला समजलं. पण पहिल्या खेपेला मी काढलेले फोटो बघितले तर मध्ये सगळं लख्ख आणि चारी कोपऱ्यांना जणू कोणी ओलं बोट फिरवलेलं.

"कडा सॉफ्ट आल्यात," मी म्हटलं.

"सॉफ्ट म्हणजे काय? मऊ? मऊ भात असतो," सर म्हणाले. "कडा विरघळल्यात म्हण." आणि उठून आतून स्टीलची वाटी घेऊन आले. "हे बघ. आपल्याला वाटतं, लेन्ससमोरचं चित्र पाटीसारखं सपाट असतं. डोममधून बघताना तसं राहत नाही. पाणी आणि घुमट मिळून ते वाकवतात. चित्र या वाटीच्या आतून चिकटवल्यासारखं होतं. तळ लांब, काठ जवळ. तू तळावर नजर लावलीस की काठ सुटणारच. त्यात लेन्सची चूक नाही आणि तुझीही नाही."

त्यांचं सगळं शिकवणं असं चष्म्याच्या दुकानातलं होतं. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र, बारीक केलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट येतं. हे सांगताना ते म्हणत, "चष्मा घरी विसरलेला म्हातारा पाटी वाचताना डोळे कसे बारीक करतो? तसे लेन्सचे डोळे बारीक कर. छिद्राचा आकडा तेरावर ठेव. उजेड कमी पडेल, तर दिवे वाढव, पण डोळे मोठे करू नकोस." लेन्सच्या पुढे त्यांनी एक पातळ भिंग स्वतः घासून बसवलं होतं. "पन्नाशी उलटली की माणसाला जवळचा चष्मा लागतो. पाण्यात गेलेल्या लेन्सचंही तसंच होतं." लेन्स डोमच्या मागे नेमक्या जागी बसावी लागते, केसभर पुढेमागे झाली की कडा गेल्याच. त्यासाठी लागणाऱ्या धातूच्या रिंगा त्यांनी एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून करून घेतल्या होत्या. तो लेथवाला त्यांना बघितलं की आधी चहा सांगायचा, कारण एक रिंग पसंत पडेपर्यंत संध्याकाळ व्हायची.

आणि डोम मोठा हवा. तो मोठा डोम पाण्यात फुग्यासारखा वर पळायचा, कॅमेऱ्याचं तोंड सारखं आकाशाकडे. खाली दाबून धरता धरता माझी मनगटं भरून यायची. मी तक्रार केली की सर म्हणत, "लहान डोम हाताला सोपा, फोटोला नाही. तुला काय सोपं करायचंय ते ठरव."

ठाण्याच्या एका तरणतलावात दुपारी गर्दी नसे. तिथे सरांनी एक प्रयोग मांडला होता, तो आठवला की अजून हसू येतं. त्यांनी दुकानातला डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता प्लास्टिकमध्ये बंद करून तलावाच्या भिंतीला पाण्याखाली चिकटवला. मध्ये आणि चारी कोपऱ्यांत तीच बारीक अक्षरं. मी समोर तरंगत फोटो काढायचे, काठावर येऊन दाखवायचे. सर गुडघे दुमडून काठाशी बसलेले. "डावीकडचा खालचा 'ळ' वाचता येतो का?" नाही येत, सर. "मग पुन्हा जा." तलावाचा जीवरक्षक एकदा त्यांना म्हणाला, "काका, मासे शिकतायत का तुमच्याकडे?" सर गंभीरपणे म्हणाले, "मासे हुशार असतात. हिलाच वेळ लागतोय."

ज्या दिवशी चारी कोपऱ्यांतले 'ळ' वाचता आले, त्या दिवशी त्यांनी मला आणि काकूंना आग्रहाने आइस्क्रीम खायला नेलं. स्वतः मात्र नुसते कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर कोपरे मोठे करकरून बघत राहिले. आइस्क्रीम वितळून गेलं.

आमच्या घरीही ते यायचे. बुद्धपौर्णिमेला आई खीर करते, त्या दिवशी सर आणि काकू मोहन्याला हमखास असायचे. बाबांशी त्यांचं छान जमायचं. बाबांचा चष्मा त्यांनी इतका नीट बसवला होता की बाबा कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांना डोंबिवलीला पाठवत. जाताना एकदा सर दारात थांबून बाबांना म्हणाले होते, "तुमच्या मुलीचा हात स्थिर आहे. मी एवढी वर्षं पाण्यात काढली, पण माझा हात असा नव्हता." बाबांनी ते वाक्य आल्यागेल्याला ऐकवलं.

मग सिंधुदुर्गातलं ते काम आलं. गावाचं नाव मी लिहीत नाही. खाडीच्या तोंडाशी एक मोठी जेट्टी व्हायची होती आणि बोटींना आत यायला तळ खोल करायचा होता. त्यासाठी समुद्राखाली काय आहे याची पाहणी एका सल्लागार संस्थेकडे होती. त्यांना पाण्याखालचे फोटो काढणारा माणूस हवा होता, आणि त्यांनी फणसे सरांना बोलावलं. सरांनी मला फोन केला तेव्हा आवाज नेहमीपेक्षा वर लागला होता. "त्यांच्या पत्रात माझ्या नावापुढे 'तज्ज्ञ' लिहिलंय, सुजाता. सागरी छायाचित्रणाचे तज्ज्ञ." मीच पेढे घेऊन गेले.

आम्ही गेलो तेव्हा पाणी स्वच्छ होतं. बोट गावातल्या बाबलदादांची. पन्नाशीचे, कमी बोलणारे. नेमका सरांचा कान दुखत होता, त्यामुळे त्यांना उतरता येईना. म्हणून तिथल्या एका गाइडबरोबर मी उतरले. खाली एक लांबट घळ होती. मधोमध वाळूची वाट, त्यात एक मोडका, गंजलेला नांगर रुतलेला, आणि दोन्ही बाजूंच्या खडकांवर जिवंत प्रवाळ. पिवळट, तपकिरी, कुठे पानांसारखं पसरलेलं, कुठे गोल दगडासारखं फुगलेलं. त्याच्या फटींतून मासे. असं प्रवाळ एकेक बोट वाढायला वर्षं घेतं, हे मी वर्गात सांगते. तिथे ते माझ्या दोन्ही हातांना होतं. संपूर्ण घळ एका फोटोत यायची तर वाइड लेन्सच हवी, आणि मग प्रवाळ येणार चित्राच्या दोन्ही कडांना. सरांनी शिकवलेलं सगळं मी तिथे वापरलं. ॲपर्चर बारीक, दिवे बाहेरच्या बाजूला, मोठा डोम दोन्ही हातांनी दाबून धरलेला.

वर आले तेव्हा सर बोटीत टॉवेलची सावली करून लॅपटॉप घेऊन बसले होते. त्यांनी फोटो उघडले. कोपरे मोठे केले. एकेक करून चारही तपासले. मग म्हणाले, "कडा टिकल्या." आणि थोड्या वेळाने, "डाव्या कोपऱ्यातल्या प्रवाळाचं एकेक तोंड मोजता येतंय. हे मला कधी जमलं नाही."

बाबलदादा मागून वाकून बघत होते. "ह्या असा खाली, ता आमका म्हायत असा," ते म्हणाले. "पण आमचा कोण आयकता? आता तुमचो फोटू असा."

नेहमीप्रमाणे सरांनी फोटो आपल्याकडे उतरवून घेतले आणि कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड पुसून मला परत दिलं. कॅमेरा त्यांचा, फोटोही कायम त्यांच्याकडेच राहत. हवा तो मागितला की मिळायचा. माझ्या मनात काही यायचं कारणच नव्हतं.

पुढे काही महिने सर त्या कामाबद्दल बोलेनासे झाले. मी विचारलं की म्हणत, "चाललंय. सरकारी काम आहे." मग एके दिवशी बाबलदादांचा फोन आला. गावात जनसुनावणी होती. "ताई, तुमचेच फोटू दाखवतले म्हणतत. येवा." सर मला काही बोलले नव्हते, तरी मी रजा टाकून गेले. वाटलं, सरांना अचानक भेटू, त्यांना आनंद होईल.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. समोर टेबलावर अधिकारी, बाजूला पडदा. पहिल्या रांगेत सर इस्त्रीचा सदरा घालून बसलेले. त्यांनी मला पाहिलं आणि नजर पडद्याकडे वळवली. सल्लागार संस्थेचा माणूस बोलू लागला. खाडीच्या तोंडाशी तळ वाळूचा आहे, महत्त्वाचं प्रवाळ आढळलेलं नाही. पडद्यावर एकामागून एक फोटो. वाळू. वाळू. थोडे दगड. पुन्हा वाळू. कोणा भलत्याच जागेचे फोटो आहेत असंच मला आधी वाटलं. मग एका फोटोच्या मधोमध तो मोडका नांगर आला.

तो फोटो माझा होता. फक्त दोन्ही बाजू नव्हत्या. रुंद चित्राची उभी पट्टी करून ठेवली होती. जिथे प्रवाळ सुरू होत होतं, तिथे चित्र संपत होतं.

मी उभी राहिले. मी म्हटलं, हे फोटो मी काढलेत, ते पूर्ण नाहीत, याच्या दोन्ही कडांना जिवंत प्रवाळ आहे आणि ते कापून टाकलंय. मांडवात गलका झाला. अधिकाऱ्यांनी संस्थेच्या माणसाकडे पाहिलं, त्याने सरांकडे. सरांच्या हातात माइक दिला गेला.

ते शांतपणे बोलले. दुकानात गिऱ्हाइकाला नंबर समजावून सांगत तसेच. "पाण्याखाली वाइड लेन्स वापरली की चित्राच्या कडा अस्पष्ट येतात. हा सर्वमान्य दोष आहे. अशा भागावरून कोणताही निष्कर्ष काढणं शास्त्रीय होणार नाही, म्हणून तो भाग वगळला. फोटो काढणारी मुलगी गुणी आहे, पण नवखी आहे. तिला कडा सांभाळता आल्या नाहीत."

मी म्हटलं, "सर, बोटीवर तुम्ही काय म्हणालात ते इथे सांगा."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला. "मला आठवत नाही," ते म्हणाले.

"मग मूळ फोटो दाखवा."

"सदोष फाइली मी ठेवत नाही."

अधिकाऱ्यांनी माझी हरकत लिहून घेतली, आणि म्हणाले, ठरलेल्या मुदतीत पुरावा असेल तर द्या. पुरावा म्हणजे जे सरांनी पुसलं म्हणून सांगितलं होतं तेच. मी मांडवातून बाहेर आले तर गावातल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. त्यातली एक स्पष्टच म्हणाली, "हीच उतरली होती ना खाली? ह्यांचीच माणूस ती." बाबलदादा बाजूला उभे होते. मी निघाले तेव्हा त्यांनी मला 'परत येवा' असंही म्हटलं नाही.

परत आल्यावर मी डोंबिवलीला गेले. दुकानात एक आजीबाई चष्मा बसवून घेत होत्या. सरांनी त्यांच्या कानामागची काडी तीनदा वाकवून बघितली, आरसा धरला, पायऱ्या उतरताना खाली बघू नका म्हणून सांगितलं. मी उभी होते. आजी गेल्यावर म्हणाले, "बस."

"मी नवखी आहे का, सर?"

"तिथे तसं म्हणावं लागलं."

"का?"

ते काउंटरवरच्या चौकटी सारख्या करू लागले. "मी खोटं काही दाखवलं नाही, सुजाता. पडद्यावर जे होतं ते सगळं खरं होतं. वाळू आहे ना तिथे?"

"आणि जे कापलंत ते?"

"प्रत्येक फोटो म्हणजे काहीतरी कापणंच असतं."

हे वाक्य त्यांनी आधी तयार करून ठेवलेलं असावं, इतकं ते सफाईने आलं. मग त्यांचा आवाज बदलला. "तू कॉलेजात शिकवतेस. लोक तुला मॅडम म्हणतात. मी कोपरीच्या दोन खोल्यांतून आलो. इथे दुकान टाकलं तेव्हापासून चष्मेवाला, आणि मरेपर्यंत चष्मेवालाच. भिंतीवरच्या या फोटोंकडे कोणी मान वर करून बघितलं नाही. त्यांनी मला टेबलाशी बसवलं. तज्ज्ञ म्हणाले. पुढची कामंही माझ्याकडेच येणार आहेत. त्यांना काय हवं होतं ते त्यांनी तोंडाने सांगितलंसुद्धा नाही. मला कळलं."

"मी तुम्हाला तज्ज्ञच समजत होते, सर. आमचं सगळं घर समजत होतं."

"तू माझी विद्यार्थिनी आहेस," ते म्हणाले. "तुझं म्हणणं कोण धरतं?"

सरावासाठी त्यांनी दिलेला लहान डोम माझ्याकडे होता. तो मी पिशवीतून काढून काउंटरवर ठेवला. त्यांनी तो उचलला, दिव्यासमोर धरला आणि चरा पडलाय का ते अंगठा फिरवून बघितलं. चरा नव्हता. "नीट ठेवलास," ते म्हणाले. मी निघाले.

घरी मी बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी पुष्कळ माणसं बघितली आहेत. कारखाना बंद होताना ज्यांनी शब्द दिले आणि मोडले, त्यांची नावं त्यांना पाठ आहेत, आणि त्यांच्याबद्दल ते कधी चिडून बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी चष्मा काढून हातात धरला आणि म्हणाले, "फसवणारे आपल्याला परके वाटायचे. हा घरी जेवून गेला." आईने ताट वाढलं, पण आम्ही कोणी नीट जेवलो नाही. रागाचं एक बरं असतं, तो बाहेर काढता येतो. मला राग नीट येतच नव्हता. माझ्या हाताला जे काही येत होतं, ते त्या माणसाने दिलेलं होतं. मी कॅमेरा धरते कसा, श्वास सोडून मग बटण दाबते कसं, डोळा आधी कुठे जातो, सगळं त्यांचं. त्यांच्यावर रागवायचं तर कुठून सुरुवात करायची, हेच कळेना.

मुदत संपायला फार दिवस नव्हते. आमच्या प्रयोगशाळेत एक छोटा ॲक्शन कॅमेरा होता, मुठीत मावेल असा. त्याला ना ॲपर्चर बदलता येतं, ना डोम, ना रिंग. मुलं सहलीला नेतात तसला. प्राचार्यांना विचारून तो घेतला आणि पुन्हा त्या गावाला गेले. बाबलदादा किनाऱ्यावर जाळं सारखं करत होते. मान वर न करता म्हणाले, "आता कोणासाठी उतरतास?"

"या वेळी कोणी पाठवलेलं नाही," मी म्हटलं. "फोटो तुमच्याकडेही राहतील. आधी तुमच्या फोनमध्ये, मग माझ्या."

त्यांनी जाळं आणखी थोडा वेळ सारखं केलं. मग उठून बोट पाण्यात लोटली.

त्या कॅमेऱ्याच्या कडा भयंकर होत्या. घळ पूर्ण घ्यायचा प्रयत्न केला तर दोन्ही बाजूंना नुसता लगदा. तेव्हा घळ सोडून दिली. एकेका प्रवाळाजवळ गेले, अगदी हाताच्या अंतरावर, ते चित्राच्या बरोबर मध्ये घेतलं, शेजारी फूटपट्टी धरली, आणि फोटो काढला. मग पुढचं. कडेला जे येईल ते येऊ दे, निळं पाणी आलं तर उत्तमच. नांगरापासून सुरुवात करून दोन्ही बाजूंच्या खडकांवरून मी तशीच सरकत गेले, म्हणजे जागा तीच आहे हे कोणालाही ताडून बघता यावं. सुंदर असा त्यात एकही फोटो नव्हता.

मुदतीत हरकत दिली. बाबलदादांनी आणि गावातल्या लोकांनी सह्या केल्या. बऱ्याच काळाने दुसऱ्या संस्थेकडून नवी पाहणी करण्याचा आदेश निघाला. जेट्टीचा प्रश्न अजून मिटलेला नाही, पण तळ खोल करायचं काम सुरू झालेलं नाही, आणि आज तरी ते प्रवाळ जागेवर आहे.

आदेश निघाल्यावर काही दिवसांनी सरांचा फोन आला. डोंबिवलीच्या त्या भेटीनंतर पहिल्यांदाच. मी तास संपवून स्टाफरूममध्ये आले होते. नाव बघून उचलू की नको असं झालं. उचलला.

"सुजाता, फोटो बघितले तुझे," ते म्हणाले. "त्या सल्लागार लोकांनी मला पाठवले, मत विचारायला."

"बरं."

"कडा फार वाईट आल्यात."

"हो, सर."

"तेरावर का नाही ठेवलंस?"

"त्या कॅमेऱ्याला तसं करता येत नाही."

पलीकडे दुकानात कोणीतरी आलं असावं, काचेचं दार वाजलं. मी वाट बघत होते. एका शब्दाची वाट बघत होते, आणि तो आला असता तर मी काय केलं असतं हे मला आजही माहीत नाही.

"प्रवाळ मधोमध घेतलंस, ते बरं केलंस," सर म्हणाले. "मत काय द्यायचं ते बघतो." आणि फोन ठेवला.

त्यांनी काय मत दिलं, दिलं की नाही, मला कळलं नाही. बुद्धपौर्णिमेला काकूंचा मेसेज येतो, मी उत्तर देते. सरांचं नाव आम्ही दोघी काढत नाही. बाबांच्या चष्म्याची काडी मध्यंतरी मोडली, ती त्यांनी कल्याणला बसवून आणली. ती कानामागे टोचते, पण ते तसं म्हणत नाहीत.

आता मी ठाण्यात बाळकुमला राहते. सोसायटीच्या तलावात रविवारी चारपाच जणांना पाण्याखालचे फोटो काढायला शिकवते. त्यातली एक, बँकेत नोकरी करणारी प्राजक्ता, हट्टी आहे. परवा ती काठावर येऊन म्हणाली, "मॅडम, मध्ये सगळं मस्त येतंय, कडा जातायत." मी घरातून वाटी आणली. तळ लांब, काठ जवळ, असं सगळं सांगितलं. डोळे बारीक करणारा म्हाताराही सांगितला. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "हे इतकं सोपं करून कोणी सांगितलंच नव्हतं. तुम्हाला कोणी शिकवलं?"

मी नाव सांगितलं.

"डोंबिवलीतच असतात? मग मला ओळख करून द्या ना त्यांची. एकदा भेटायचंय."

मी तिला दुकान कुठे आहे ते नीट समजावून सांगितलं. स्टेशनातून कुठल्या बाजूला उतरायचं, कुठे वळायचं, शेजारी झेरॉक्सचं दुकान आहे. तिने फोनमध्ये लिहून घेतलं.

"आणि तुमचं नाव सांगू ना?" तिने विचारलं.

"नको," मी म्हटलं. "ते तुला तसंही शिकवतील."